विग्रां म्हणजे कोण

ला ब्रेकेत, ६ मार्च १९२७

बातिस्त,

विसरला असशील म्हणून आधी ओळख करून देते. मी फेलिसी ओनफ्रॉय, तुझ्या बापाची आई. कोतांतँच्या किनाऱ्यावर राहते, दोन गायी आहेत, गालावर डाग आहे, पुढचे दात नाहीत. तू लहान असताना तुझं ढुंगण मीच धुवायचे. आठवलं का? नसेल तर तुझ्याच पुस्तकात बघ, पान नऊ. तिथे मी आहे म्हणे.

पुस्तक पोचलं. बरोबर चिठ्ठी नव्हती, कोंबडीच्या पिसाएवढीसुद्धा नाही. पोस्टमन लेकानूने चुलीपाशी बसून तुझी प्रस्तावना वाचून दाखवली. हे पत्रही तोच लिहितोय. मी बोलेन तेवढंच लिही, स्वतःचं शहाणपण घालू नकोस, असं त्याला बजावलंय. (मी घालत नाही. — ले.)

नॉर्वेकडच्या लोकांच्या जुन्या समुद्राच्या गोष्टी तू आपल्या भाषेत आणल्यास. ठीक आहे. तुझा बाप हेरिंगमागे तिकडे जायचा, तू शब्दांमागे गेलास. तो येताना निदान मासे आणायचा. पण पान नऊवर तू काय लिहिलंयस? लेकानूकडून मी ते तीनदा वाचून घेतलं, आता मला पाठ आहे: ‘माझी आजी, एक निरक्षर शेतकरीण, जिच्या दंतहीन मुखात हजार वर्षांपूर्वी या किनाऱ्यावर उतरलेल्या उत्तरेच्या खलाशांची भाषा तिच्याही नकळत जिवंत आहे.’

निरक्षर, मान्य. दंतहीन, तेही मान्य. पण ‘तिच्याही नकळत’? मी काय मडकं आहे, की कोणीतरी माझ्यात लोणी ठेवलं आणि विसरून गेलं? बाजारात गाय विकताना मी फार बोलत नाही, पण जे बोलते ते मला कळत असतं आणि समोरच्यालाही कळतं. पॅरिसला जाऊन तू एवढा मोठा झालास, की आता माझ्या तोंडातलं मला कळत नाही आणि तुला कळतं?

पुढे म्हणे ‘विग्रां’ या एका शब्दावर वीस पानं आहेत. ती वाचायला लेकानूला वेळ नव्हता, पत्रं वाटायची होती. त्याने नुसता तो शब्द उच्चारला आणि माझ्या घशात कॉफी अडकली. त्याविषयी नंतर. आधी तुझं उत्तर येऊ दे.

फेलिसी


पॅरिस, १३ मार्च १९२७

आजी,

तुझ्या पत्राने वाईट वाटलं. ज्या वाक्याला माझ्या वर्गातल्या सगळ्यांनी दाद दिली, त्याचाच तुला राग यावा, हे मला खरंच समजत नाही. तो अपमान नाही, गौरव आहे. झऱ्याला आपलं पाणी कुठून येतं ते माहीत नसतं, म्हणून झरा काही कमी होत नाही. तेवढंच मला म्हणायचं होतं. लेकानूने वाचताना कुठे जोर दिला देव जाणे.

आता कामाचं. नीट ऐक, कारण माझं सगळं यावर अवलंबून आहे. इथल्या विद्यापीठात उत्तरेकडच्या भाषांसाठी एक जागा निघाली आहे. अशी जागा आयुष्यात पुन्हा निघणार नाही. ती मला मिळेल ते या ‘विग्रां’च्या जोरावर. नॉर्वेच्या त्या गोष्टीत समुद्रतळाशी राहणारी एक म्हातारी आहे. ओहोटीला केसांत शेवाळ घेऊन ती वर येते आणि दुसऱ्याचं ते आपलं म्हणून घेऊन जाते. तिच्या नावाला फ्रेंचमध्ये शब्द सापडत नव्हता. आणि अचानक मला तुझा आवाज आठवला: ‘गप झोप, नाहीतर विग्रां येईल!’ उत्तरेच्या जुन्या भाषेत ‘विग’ म्हणजे मारणं. ‘रान’ म्हणजे लूट, आणि तेच तिकडच्या समुद्रातल्या देवीचं नाव. तो शब्द हजार वर्षं आपल्या चुलीपाशी बसून होता, आजी! मी स्वतः लहानपणी विग्रांला पाहिल्याचं मला आठवतं: धुक्यात, गुडघाभर पाण्यात, अंगावरून शेवाळ गळत असलेली.

निवड प्राध्यापक व्होद्रेंच्या हातात आहे. ते म्हणतात, हा शब्द एकाही कोशात नाही, मला तो ज्या तोंडातून आला त्याच तोंडातून ऐकायचा आहे. ईस्टरच्या आठवड्यात ते ला ब्रेकेतला येणार आहेत. तुला एवढंच करायचं आहे: शब्द म्हणायचा आणि सांगायचं की तो तुझ्या आजीकडून आला. बाकी काही बोलू नकोस. विशेषतः विनोद नको.

बातिस्त


ला ब्रेकेत, २० मार्च १९२७

माझ्या पंडिता,

झरा काय! आधी मडकं, आता झरा. पुढच्या पत्रात मी डबकं होणार.

तुझी वीस पानं ऐकली. लेकानूने दोन सकाळी घालवल्या, लोकांची पत्रं पिशवीतच राहिली. फार विद्वत्ता आहे. आता कानातला मळ काढ आणि ऐक.

आपल्या कुंपणापलीकडे कोण राहतं? सेराफिन ग्रांदँ. ग्रांदँ मेला तेव्हा तू जेमतेम चालायला लागला होतास. तेव्हापासून तिच्या फाटकावर पाटी आहे, ‘व्हव ग्रांदँ’, म्हणजे ग्रांदँची विधवा, आणि सगळा गाव तिला तेच म्हणतो. त्याच वर्षी लाल गायीने लाथ मारून माझे पुढचे दात पाडले. आता तूच ओठ आत ओढ आणि रागाने, घाईघाईत म्हणून बघ: व्हव ग्रांदँ. व्हवग्रां. विग्रां. ऐकू आलं? हेच तुझं हजार वर्षांचं लोणी.

धुक्यात शेवाळ गळत असलेली तू पाहिलीस, तेही खोटं नाही. ओहोटीला शेतासाठी समुद्रशेवाळ गोळा करायला आम्ही सगळ्याच जातो. तिचा वाटा खडकाच्या त्या बाजूला, माझा या बाजूला, आजोबांच्या काळापासून. आणि ती भवानी पहाटे माझ्या बाजूचं शेवाळ ओढून न्यायची, खांद्यावर टाकून, केसांतून पाणी गळत. मी खिडकीतून ओरडायचे, ‘नेलं बघ विग्रांनं! दुसऱ्याचं ते आपलं म्हणते!’ तू मांडीवर बसून दूध प्यायचास. दुधाबरोबर तेही प्यायलास, आणि आता पॅरिसला ओकलास.

तो शब्द मी केला. माझ्या तोंडाने, माझ्या रागाने, मला पूर्ण कळत असताना. कोणा खलाशाने माझ्या तोंडात तो ठेवला नव्हता. तर आता पान नऊवर लिही: ‘माझी आजी, जी शब्द करते.’ तेवढं लिहिलंस तर तुझ्या प्राध्यापकाला मी कॉफी देईन. नाही लिहिलंस तर जे खरं तेच सांगेन. ज्या म्हातारीला आपल्या तोंडातलं कळत नाही, तिची साक्ष घेऊन तरी काय करणार?

फेलिसी

(बातिस्तराव, मी हे कोणाला सांगणार नाही. — ले.)


पॅरिस, २५ मार्च १९२७

श्रीमती ओनफ्रॉय,

आपलं पत्र मिळालं. आपण मला चिडवण्यासाठी हे सगळं रचलं आहे अशी माझी आधी समजूत झाली होती. मग मी आरशासमोर ओठ आत ओढून तो शब्द म्हणून पाहिला. तो तसाच ऐकू आला.

तरीही माझं म्हणणं असं की हा पुरावा होत नाही. जुना शब्द आधीपासून आपल्या कानात असेल आणि शेजारीण त्याच्याशी जुळली असेल, हेही शक्य आहे. आपल्याला ते ठाऊक असण्याचं कारण नाही.

पान नऊ बदलता येणार नाही. पुस्तक छापून झालं आहे. आणि माझ्या आजीने शब्द शेजारणीला शिव्या देताना केला, असं छापलं तर माझ्या हातात काय राहील? आपण मला वाढवलंत ते याच दिवसासाठी का? माझी एवढीच विनंती आहे, व्होद्रे आले की आपण आजारी पडा. झोपून रहा. आणि लेकानू, हे तुम्हाला: तुम्ही फाटकाफाटकांवर थांबता हे मला माहीत आहे. यातला एक शब्द बाहेर गेला तर मी पोस्टखात्याकडे तक्रार करेन.

बा. ओनफ्रॉय


ला ब्रेकेत, ३ एप्रिल १९२७

बातिस्त ओनफ्रॉय यांस,

मी सेराफिन ग्रांदँ. कुंपणापलीकडची. मला लिहिता येतं, मठातल्या बायकांकडे मी पाच हिवाळे शिकले आहे, तेव्हा या पत्राला लेकानूची गरज नाही. त्याने फक्त तुमचं पुस्तक आणून दिलं, आणि ते का आणलं तेही सांगितलं. त्याच्यावर तक्रार करायची असेल तर खुशाल करा, एक माझीही जोडा. माझी पत्रं तो गेले कित्येक महिने आधी तुमच्या आजीकडे नेतो.

तुमच्या पुस्तकात मी समुद्राखाली राहते. बुडलेल्या माणसाच्या बरगडीने केस विंचरते. नावेच्या तळाला कान लावून आतल्या खलाशांची नावं ऐकते आणि ज्याचं नाव आवडलं त्याला ओढून नेते. छान लिहिलंय, नाही म्हणत नाही. वाचताना मी पाय पलंगावर घेतले. पण माझे केस मी दर शनिवारी धुते. आणि खडकाची ती बाजू माझीच होती. फेलिसी ओनफ्रॉयला विचारा, तिच्या सासऱ्याने ती माझ्या सासऱ्याला पत्ते खेळताना दिली होती की नाही!

तुमचा प्राध्यापक येणार असं कळलं. येऊ दे. तो माझ्या फाटकावरून जाणार, पाटी वाचणार. मीही घरीच असेन. मला विचारलं तर मला काय बोलायचं ते मी ठरवलेलं आहे. रविवारी चर्चच्या दारात लोक मला काय म्हणून हाक मारणार, याचा विचार मला करायला हवा. तुम्ही तो केला नाहीत.

सेराफिन, व्हव ग्रांदँ


पॅरिस, ९ एप्रिल १९२७

आजी,

झालं तुझ्या मनासारखं.

सोबत तुझ्या शेजारणीचं पत्र जोडलं आहे, लेकानूकडून वाचून घे. त्याला ते नवं नसेलच. ती फाटकाशी टपून बसणार आणि व्होद्रेंना सगळं सांगणार, आणि मग मी नुसता चुकलेला नाही तर लपवणारा ठरणार. तेवढं तरी मला नको होतं. काल मी स्वतःच व्होद्रेंना लिहिलं: शब्द जुना नाही, माझ्या आजीने केलेला आहे, शेजारणीच्या नावावरून. वीस पानं मी मागे घेतो. आपण कोतांतँपर्यंत येण्याचे कष्ट घेऊ नयेत.

जागा गेली. ती वीस पानं काढली तर माझ्याकडे उरतो एक अनुवाद, आणि अनुवादकाला इथे कोणी खुर्ची देत नाही. सात वर्षं मी त्या भाषा शिकलो. नॉर्वेत बर्गनला मासळी बाजाराच्या वरच्या खोलीत राहिलो, बायकांच्या भांडणांतून क्रियापदं वेचली. कोणाची टवाळी न करता ऐकायला मी त्यांच्याकडून शिकलो, तुझ्याकडून नाही. तू एकदा, फक्त एकदा, माझ्यासाठी गप्प बसू शकली असतीस. पण तुला जिंकायचं होतं.

ईस्टरला मी येणार नाही. उन्हाळ्यातही नाही.

बातिस्त


ला ब्रेकेत, १४ एप्रिल १९२७

गाढवा,

हो, गाढवच. लेकानू ‘प्रिय’ लिहायला निघाला होता, मी त्याच्या हातावर डाव मारला.

तुझं पत्र मला काल संध्याकाळी कळलं. तुझा प्राध्यापक काल दुपारी येऊन गेला. हो, आला! तू नको म्हणालास तरी आला. स्टेशनवर त्याला वाहन मिळेना, म्हणून लेकानूने टपालाच्या गाडीत बसवून आणलं. म्हणजे बघ, गाडी माझ्या अंगणात, तुझं पत्र गाडीतल्या पिशवीत, आणि मी आत प्राध्यापकापुढे शपथा घेतेय. लेकानू म्हणतो, पाहुण्यासमोर टपाल काढणं बरं दिसलं नसतं. (खरंच बरं दिसलं नसतं. — ले.)

कसल्या शपथा? तुझ्यासाठी, मूर्खा! तू ते ‘श्रीमती ओनफ्रॉय’ लिहिलंस ना, ‘आपण’, ‘आपल्याला’, ते ऐकून मी लेकानूला विचारलं, हे पत्र माझंच आहे ना. आजारी पडणं मला जमत नाही, गायींचं दूध कोण काढणार? म्हटलं, बोलायचंच तर त्याच्या कामाचं बोलू.

माणूस उंच, काटकुळा, बूट चिखलाने भरलेले. टेबलापाशी बसला आणि म्हणाला, “बाई, तुमचा तो शब्द ऐकायचा होता.”

मी म्हटलं, “विग्रां.”

“कोणाकडून ऐकलात?”

“माझ्या आजीकडून.”

“आणि त्यांनी?”

“तिच्या आजीकडून. तिच्यामागचं विचारू नका, आमची ओळख नाही.”

तेवढ्यात दार न वाजवता ती आली. सेराफिन. हातात अंड्यांची टोपली, अंगावर अंत्ययात्रेचा काळा झगा. मी म्हटलं, संपलं, आता ही ओकणार. माझ्या घरात, कॉफीचा वास घेत, माझ्या नातवाचं वाटोळं करणार. आणि ती म्हणते कशी, “ही बाई सहसा खरं बोलत नाही, पण आज बोलली. माझी सासूसुद्धा विग्रां म्हणायची. जुना शब्द आहे. चर्चपेक्षा जुना.”

ती असं का म्हणाली? नंतर कळलं. ती म्हणाली, “विग्रां हजार वर्षांची असली तर ती मी नव्हे. ती मी ठरले तर बाजारात पोरं माझ्यामागे ओरडत फिरतील.” तुला वाटलं ती चुगली करायला टपलीय. ती तुझ्यापेक्षा मोठं खोटं बोलायला टपली होती.

पण तिथेच थांबायला हवं होतं तिने. तिला ऊत आला. म्हणे, “माझ्या सासूने विग्रांला डोळ्यांनी पाहिलं होतं. तोंडात एक दात नाही, गालावर हा एवढा डाग, आणि दिवसभर दुसऱ्याच्या खिडकीकडे बघून ओरडत असते.”

मी म्हटलं, “चूक! विग्रांला दात असतात, घोडीसारखे. आणि ओल्या केसांनी ती परक्या बाजूचं शेवाळ ओढून नेते.”

“परक्या बाजूचं नाही! ती बाजू पत्त्यांत जिंकलेली आहे!”

“विग्रां पत्ते खेळते का, चोरटे?”

“खेळते, आणि ओनफ्रॉय हरतात!”

प्राध्यापकाने कपाआड तोंड लपवलं. मग त्याने खिशातून एक पाकीट काढून टेबलावर ठेवलं. तुझं अक्षर मला वाचता येत नाही, पण ओळखता येतं. तो म्हणाला, “हे मला सोमवारी मिळालं. तुमच्या नातवाने यात सगळं लिहिलं आहे.”

सेराफिनच्या टोपलीतलं एक अंडं पडलं. ते उचलायला कोणी वाकलं नाही.

मी विचारलं, “मग तुम्ही आलात कशाला?”

म्हणाला, “तिकीट काढलेलं होतं. शिवाय मला विग्रां पाहायची होती.” आणि दोघींकडे आळीपाळीने बघितलं, मेला. कोणती ते काही बोलला नाही.

आता तुला हवं ते सांगते. जागा तुला नाही. स्ट्रासबूर्गचा कोणी आहे, त्याला. मी विचारलं, खरं बोलल्याबद्दल काही नाही का? तो म्हणाला, खरं बोलणं ही तर या कामातली पहिली पायरी, तिच्यासाठी खुर्ची देत नाहीत. मला त्याचा राग आला, मी त्याला दुसरा कप दिला नाही. जाताना मात्र दारात थांबला आणि म्हणाला, “त्याला सांगा, वीस पानं फाडून टाक, पण गोष्टीतल्या शब्दाला हात लावू नकोस. मला तो भाग वाचताना उठून दार लावावं लागलं. कोशातला कुठलाही शब्द माझ्याकडून दार लावून घेत नाही.” मी त्याला म्हटलं, तो शब्द माझा आहे. तो म्हणाला, “माहीत आहे, बाई. पत्रात तसंच लिहिलंय.”

तू तसं लिहिलंस? ‘माझ्या आजीने केलेला’? पान नऊवर लिहायला तुझा हात मोडला होता, आणि त्या काटकुळ्याला लिहिताना बरा झाला?

आयुष्यात एकदा मी तुझ्यासाठी खोटं बोलायला तोंड उघडलं, आणि नेमका त्याच आठवड्यात तू खरं बोलायला निघालास. माझी लाज गेली ती गेलीच, वर त्या बाईसमोर गेली. आज सकाळपासून तीनदा तिने कुंपणावरून विचारलं, “तुमच्या आजीच्या आजीची तब्येत कशी आहे?” हे मला मरेपर्यंत पुरेल. तुझी खुर्ची गेली म्हणून तू रडतोस. खुर्चीत बसून तू काय केलं असतंस? पोरांना सांगितलं असतंस की म्हाताऱ्यांना काही कळत नाही.

गोष्टी आणायच्या तर आण. बर्गनच्या त्या बायकांची भांडणं अजून राहिली असतील. शब्द अडला तर विचार, पण विचार, उगाच आठवू नकोस. आणि यायचं नसेल तर येऊ नकोस, माझी तुला ओढ नाही. खोली झाडून ठेवलीय ती उंदरांमुळे.

एक राहिलं. खोटी साक्ष दिल्याबद्दल सेराफिनला काहीतरी हवंय, आणि ती सोडणार नाही. साखरेत मुरवलेले चेस्टनट म्हणे पॅरिसला मिळतात, मठातल्या बायकांनी तिला एकदा चाखायला दिले होते. तर चांगल्या दुकानातून दोन डबे घे, टपालाने पाठव, महिना उलटायच्या आत. दोन्ही डबे बाहेरून सारखे दिसले पाहिजेत, ती बोटाने मापते. तिच्या डब्यात निम्म्यापर्यंत कागद कोंब आणि राहिलेले चेस्टनट माझ्यात भर.

फेलिसी